लाल इशारा आला, टाकीचं झाकण कोण लावणार?

कुर्ला पश्चिमेतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे: "आमची सोसायटी मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर. तीन इमारती, 48 घरं. रडार आलं, पंपिंग स्टेशनं झाली, मोबाइलवर इशारे येतात, आता एआय पूर सांगणार म्हणतात. तरी मोठा पाऊस झाला की आमच्या तळमजल्यावर पाणी येतंच. मग या सगळ्या तंत्रज्ञानाने आमच्या आयुष्यात नक्की काय बदललं? दुसरं म्हणजे, सेन्सर, ऑटोमॅटिक पंप आणि अ‍ॅप असा साडेसहा लाखांचा प्रस्ताव सोसायटीपुढे आहे. घ्यावा का?"

मी 1998 पासून मुंबईतल्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या कामात आहे. आधी साइटवर, मग आराखड्यांवर, आता सल्लागार म्हणून. तुमच्यासारख्या सोसायट्यांच्या आवारात गुडघाभर पाण्यात उभं राहून मापं घेण्यात बरीच वर्षं गेली. प्रस्तावाबद्दल एवढंच आधी सांगतो की या महिन्यात सही करू नका. कारण कळायला तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

पाणी का तुंबतं हे समजायचं तर पावसाआधी समुद्राकडे बघावं लागतं. सात बेटं जोडून, खाड्या बुजवून हे शहर उभं राहिलं. वरळीची खाडी अडवणारा हॉर्नबी वेलार्डचा बांध 1784 च्या सुमाराचा. भरतीचं पाणी जिथे शिरायचं तिथे पुढे वस्ती झाली, पण जमिनीची पातळी खाडीचीच राहिली. आज मुंबईचं पावसाचं पाणी 186 पातमुखांतून, म्हणजे वाहिन्यांच्या शेवटच्या तोंडांतून, समुद्रात, खाडीत किंवा नद्यांत पडतं. त्यांतली 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. 135 त्या पातळीच्या वर, पण भरतीच्या रेषेखाली. भरती कितीही मोठी असो, ज्यांतून पाणी वाहतं राहील अशी पातमुखं फक्त 6. भरती चढली की बाकीची तोंडं एक तर बंद करावी लागतात किंवा समुद्रच आत शिरतो. तुमचं पाणी मिठीतून माहीमच्या खाडीत जातं, म्हणजे तुमच्या गटाराचा वेगही चंद्रावर ठरतो.

आमच्या एका साइटवर मालवणकडचे एक वॉचमनकाका होते. त्यांना भरतीचं कोष्टक लागत नसे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं: तृतीया असेल तर सव्वादोन, अष्टमीला सहा. कोकणातल्या कोळ्यांचा हा जुना हिशेब मुंबईतही थोड्याफार मिनिटांच्या फरकाने जुळतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण सगळ्यांत मोठं असतं, म्हणून मुंबईतली मोठी भरती बहुधा दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर येते. साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करते. ती छापून नोटीस बोर्डावर लावा. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी येतात ते तास पावसाळ्यात मोजकेच असतात. तुम्हाला भांडायचं आहे ते त्या तासांशी.

आता गटाराकडे. शहर भागातल्या जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होत्या, तेही ओहोटी असताना, आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. 1985 च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला आणि 1993 मध्ये ब्रिमस्टोवॅड नावाचा बृहत् आराखडा तयार झाला. त्यात माप बदललं: ताशी 50 मिलिमीटर, आणि काहीही मुरणार नाही असं धरून. ऐकायला 25 चे 50 झाले, पण पाण्याचा हिशेब चौपट झाला, कारण मुरण्याचा निम्मा वाटाच उरला नाही. अंगणाच्या मातीवर सिमेंट आलं, मग पेव्हर ब्लॉक, मग रस्ताही काँक्रीटचा. तुमचा भूखंड 2000 चौरस मीटरचा धरला तर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लाख लिटर, दहा हजारांच्या टँकरने मोजलं तर दहा टँकर, आणि हे फक्त तुमच्या आवारात पडलेलं. शेजारच्या नव्या इमारतीने भराव घालून आवार दोन फूट उंच केलं असेल तर तिचं पाणीही तुमचंच.

पंपिंग स्टेशनचं मोल इथे कळतं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंद अशी सहा उभी राहिली. भरतीत फ्लडगेट बंद करून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आतलं पाणी उचलून पलीकडे टाकायचं. एकेक पंप सेकंदाला 6000 लिटर उचलतो, म्हणजे तुमच्या आवारातलं ते 1 लाख लिटर सतरा सेकंदांत. माहुल आणि मोगऱ्याची केंद्रं मात्र जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकली. पूर्व उपनगरांत राहणाऱ्यांनी माहुलचा पाठपुरावा सोडू नये, कारण सोसायटीने लावलेले शंभर पंप त्या एका केंद्राची जागा घेऊ शकत नाहीत.

दादर-परळच्या हिंदमाता भागातला प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. बशीच्या तळासारखी ती जागा. ब्रिटानिया केंद्र झालं तरी तिथे पाणी साचत होतं, कारण पंपापर्यंत पाणी पोचायलाच वेळ लागतो. मग दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकत्र असताना पाणी तिथे थांबवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. हिंदमाताला पाणी साचायचं पूर्ण थांबलेलं नाही, पण ते बरंच लवकर ओसरतं, आणि तिथल्या कापड दुकानदाराला सहा तास आणि एक तास यातला फरक माल वाचला की भिजला यावरून कळतो. "पाणी साचणारच नाही" असं आश्वासन मुंबईत कुणी दिलं तर मी विश्वास ठेवत नाही. "किती वेळ साचेल" हा प्रश्न विचारा, त्याला उत्तर देता येतं.

तुम्ही विचारलंत ते सगळ्यांत जास्त कुठे बदललं? माहितीत. 26 जुलै 2005 ला मी अंधेरीजवळच्या साइटवर होतो. दुपारी दोननंतर आभाळ असं फाटलं की समोरची क्रेन दिसेना. फोर्टातल्या कार्यालयात फोन लावला तर तिकडच्या माणसाला खरंच वाटेना, कारण त्याच्या खिडकीबाहेर साधा पाऊस होता. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदले गेले आणि कुलाब्याला 74. मुंबईत तेव्हा पावसाचे ढग टिपणारं डॉप्लर रडार नव्हतं. उपनगरांत काय चाललंय हे दक्षिण मुंबईला कळायला संध्याकाळ झाली. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांतली कितीतरी घरी निघालेली होती, आणि "आत्ता निघू नका" एवढं सांगणारंच कुणी नव्हतं. ते आजही माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. आता ती साठाहून अधिक आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी पाऊस कळवतात. कुलाब्याचं डॉप्लर रडार 2010 मध्ये आलं, उपनगरातल्या वेरावलीचं जानेवारी 2022 मध्ये. जून 2020 मध्ये आयफ्लोज-मुंबई ही पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू झाली. त्यात पाऊस, भरती, जमिनीचे चढउतार आणि नद्या-नाल्यांची रचना एकत्र मांडून कोणत्या वॉर्डात किती पाणी साचू शकेल याचा अंदाज तीन दिवस आधीपर्यंत काढता येतो. आयआयटी मुंबईने 2024 मध्ये पुराच्या माहितीचं पोर्टल आणि अ‍ॅप आणलं, त्यावर नागरिकही पाणी साचल्याची नोंद करू शकतात. एआय या सगळ्यात मदत करतंय, पुढच्या काही तासांचा अंदाज धारदार करायला त्याचा उपयोग आहे. पण तुमच्या गल्लीतल्या जाळीवर थर्माकोल आणि नारळाची करवंटी अडकली आहे, हे कुठल्याच प्रारूपाला दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. म्हणून नोंद करा, फोटो टाका, तुमच्या वॉर्डाच्या नियंत्रण कक्षाला फोन करा. अंदाज चुकला तर तो सुधारायला हीच माहिती लागते.

इशाऱ्यांबद्दल एक गैरसमज मी जवळपास प्रत्येक सोसायटीत ऐकतो: "रेड अलर्ट होता, पण ऊन पडलं." हवामान विभागाचा लाल इशारा पूर्ण जिल्ह्यासाठी आणि साधारण दिवसभरासाठी असतो. 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, आणि तशी दाट शक्यता असली की तयारीत राहा, कृती करा, असं तो सांगतो. नेमक्या तासाचं त्याच्याकडे मागू नये. तासांसाठी तीन तासांचा तात्काळ अंदाज वेगळा निघतो. दिवसभराचा इशारा आला की तयारी करायची आणि तीन तासांचा अंदाज आला की हालचाल करायची, असं धरलंत तर दोन्हींचा उपयोग होतो.

आणि इथेच आपण कमी पडतो. चेंबूरच्या एका सोसायटीत मी पाहणीला गेलो होतो. आदल्या दिवशी लाल इशाऱ्याचं चित्र त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अकरा जणांनी टाकलं होतं. रात्री दोन वाजता आवारात पाणी चढलं आणि जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं, कारण टाकीचं झाकण नीट बसवलेलं नव्हतं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जाऊन लिफ्ट जळाली. रात्रपाळीचा वॉचमन जागा होता, कामसू होता, पण तो त्या ग्रुपवर नव्हता. मुख्य स्विचच्या खोलीची चावी त्याच्याकडे नव्हती. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची असते हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. उपग्रह, रडार, संगणक या सगळ्यांतून आलेली माहिती गेटपर्यंत पोचली आणि शेवटच्या चाळीस फुटांत अडली. पाचव्या मजल्यावरच्या आजींना पुढचे आठ दिवस जिना उतरता आला नाही. त्यांचं डायलिसिस होतं.

म्हणून माझं पहिलं काम यंत्राचं नसतं. एक कागद घ्या. त्यावर तीन प्रसंग लिहा. लाल किंवा नारिंगी इशारा आला आणि त्याच दिवशी साडेचार मीटरच्या आसपास भरती आहे: तेव्हा टाकीचं झाकण घट्ट बसवून कडेला सील करायचं, वरच्या टाक्या भरून घ्यायच्या, खाली लावलेल्या दुचाकी आणि गाड्या हलवायच्या, आजारी माणसांची औषधं आणि डायलिसिसच्या वेळा बघायच्या. रस्त्यावरच्या जाळीतून पाणी उलटं यायला लागलं: लिफ्ट वर नेऊन बंद, पाण्याचा पंप बंद, तळमजल्यावरच्या माणसांना ठरलेल्या घरी पाठवायचं. मीटरच्या ओट्याला पाणी वीतभर उरलं: वीज कंपनीला फोन, मुख्य पुरवठा बंद. प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव, त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं नाव आणि चावी कुठे ते लिहा. वॉचमन त्या ग्रुपवर हवेतच. तळमजल्यावरच्या कुटुंबांना विचारल्याशिवाय हा कागद पुरा करू नका. पाणी कुठल्या कोपऱ्यातून आधी येतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

त्या कागदावर आणखी एक ओळ घाला, तिच्याबद्दल मला मनापासून वाटतं. लाल इशारा आला की ऑफिसवाले घरून काम करतात. हा तंत्रज्ञानाने दिलेला मोठाच दिलासा आहे. पण घरकामाच्या ताई सकाळी सहाला निघतात, डिलिव्हरीचा मुलगा निघतो, सफाई कर्मचारी निघतात. क्रांतीनगरसारख्या मिठीकाठच्या वस्त्यांत नदीची पातळी वाढली की माणसांना हलवावं लागतं. ऑगस्ट 2025 मध्ये पातळी 3.9 मीटरवर गेली तेव्हा साडेतीनशेच्या आसपास रहिवाशांना हलवलं होतं. त्यांतली कुणी तुमच्याच सोसायटीत कामाला येत असेल. सोसायटीच्या बैठकीत ठरवून टाका की लाल इशाऱ्याच्या दिवशी त्यांना पगारी सुट्टी, आणि तो निरोप आदल्या संध्याकाळी द्यायचा. पूर्वसूचनेचे ते बारा तास त्यांच्याही वाट्याला आले पाहिजेत.

दोन गोष्टी जीवाच्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. पाणी लवकर जावं म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण कुणीही उघडायचं नाही. 2017 च्या पुरात शहरातल्या एका नामवंत डॉक्टरांचा असाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवायचं काम सुरू झालं, पण सगळीकडे जाळी आहे असं धरून चालू नका. आणि साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्या प्रत्येकाने, पायाला जखम असेल तर नक्कीच, 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजारासाठी प्रतिबंधक औषध घ्यायचं का हे विचारायचं. ताप येण्याची वाट बघू नका.

हवामान खरंच बदलतंय का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रस्तावाचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. 2025 मध्ये मान्सून मुंबईत 26 मे रोजी आला, नेहमीची तारीख 11 जून. नालेसफाईचं बहुतेक काम 31 मेपर्यंत संपवायचं अशी आपली पद्धत, आणि पाऊस त्याच्या पाच दिवस आधीच दारात. त्या दिवशी कुलाब्याला जवळपास 295 मिलिमीटर पडले, म्हणजे पाणी आता उपनगरांचंच दुखणं राहिलेलं नाही. तुमच्या सोसायटीची गटारसफाई तुम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात करत असाल. ती एप्रिलमध्ये घ्या. याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

आता तो साडेसहा लाखांचा प्रस्ताव. पाणी उचलून पंप ते कुठे टाकणार, हे त्यात लिहिलंय का ते बघा. बहुतेक प्रस्तावांत "रस्त्याच्या गटारात" असतं. भरतीच्या वेळी तेच गटार भरलेलं असतं, म्हणून तुम्ही टाकलेलं पाणी दुसऱ्या चेंबरमधून परत तुमच्याच आवारात येतं आणि पंप रात्रभर तेच पाणी फिरवत बसतो. पाणी बाहेरून आत येतं की आवारातच साठतं हे आधी कळायला हवं, आणि त्यासाठी एका मोठ्या पावसात कुणीतरी चेंबरजवळ उभं राहून बघणं पुरतं. बाहेरून येत असेल तर रस्त्याच्या वाहिनीला जोडलेल्या तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा, म्हणजे नॉन-रिटर्न फ्लॅप. पंपाच्या मानाने खर्च किरकोळ. ती बंद असताना आतलं पाणी साठेल आणि तेवढ्यापुरता छोटा पंप लागेल. त्याचा पॅनेल मात्र जमिनीवर नको. मी असे पंप पाहिलेत जे पाणी चढल्यावर सगळ्यांत आधी स्वतःच बुडाले.

पंपाआधी मीटर रूम. तुमचे मीटर तळमजल्यावर कमरेखाली असतील तर पैसा पहिल्यांदा तिथे घाला आणि वीज कंपनीकडे ते वर घेण्यासाठी अर्ज करा. त्यानंतर आवाराच्या कडेने दोन-तीन फूट रुंदीची पट्टी उकरून माती-खडी मोकळी करा. पावसाळी पाणी साठवणारी टाकी असेल तर ती जुलैत काठोकाठ भरलेली ठेवू नका. मोठ्या पावसाचा अंदाज आला की आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी निम्मी रिकामी करा. हिंदमाताच्या टाक्या जे शहरासाठी करतात तेच ती तुमच्यासाठी छोट्या प्रमाणात करील. आवार उंच करण्याचा ठराव कुणी आणला तर विरोध करा, तुमचं पाणी मागच्या चाळीत जाईल.

सेन्सर वाईट नाही. पाच-सहा हजारांचा पातळी-सेन्सर चेंबरमध्ये बसवून त्याचा भोंगा वॉचमनच्या केबिनमध्ये लावला तर रात्री दोनला उपयोगी पडतो. त्याला वेगळं अ‍ॅप आणि वार्षिक वर्गणी कशाला? विक्रेत्याला तेवढाच भाग मागा आणि पावसाळ्यातल्या दुरुस्तीची जबाबदारी लिहून घ्या.

आणि काही मापं मला कळवा. तुमच्या इमारतीत 2005 ला राहत असलेलं कुणीतरी असेलच. त्यांना विचारून तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं तिथे भिंतीवर रंगाने रेघ मारा. मग त्या रेघेपासून मीटरच्या तळाची, टाकीच्या झाकणाची आणि लिफ्टच्या उंबऱ्याची उंची टेपने मोजा. हे तीन आकडे आले की झडप किती मोठी, पंप किती अश्वशक्तीचा, मीटर किती वर घ्यायचे हे सांगता येईल, आणि त्यात साडेसहा लाखांपैकी किती खरंच लागतात तेही.